खेचरवाली रेकॉर्ड

"आदी लावा," हिरावहिनी म्हणाल्या. "ऐकते. मंग देते."

खताची धुतलेली पांढरी गोणी मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या. खुर्चीवर नाही, खाली फरशीवर. माझ्या बायकोने, इंदिराने, दोनदा खुर्ची पुढे सरकवली आणि त्यांनी दोनदा नुसता हात हलवला. गोणीचं तोंड सुतळीने बांधलेलं होतं आणि त्या गाठीवर त्यांची मूठ होती. आत माझ्या अकरा रेकॉर्डची अकरा कव्हरं होती. माझ्या म्हणतो मी. सवय आहे.

"वहिनी, ते तुमच्या उपयोगाचं नाही हो," मी म्हणालो. "इंग्रजी आहे. त्यातही विचित्र. भल्याभल्यांना कळत नाही."

"मालकास्नी कळायचं."

कप्पाळ! मालक म्हणजे त्यांचा नवरा कोंडाजी. पवना नदीच्या बाजूच्या गावातला, कामशेतला पंप दुरुस्तीचं दुकान चालवणारा. माघात गेला. मला दीड महिन्याने कळलं, तेही कामशेतच्या बाजारात तांदूळ घेताना. आणि कळल्यावर मी काय केलं? भेटायला गेलो नाही. घरी आलो आणि सात वर्षांत एकदाही न लावलेला त्याचा नंबर लावला. फोन वहिनींनी उचलला. मी दोन वाक्यं वाईट वाटल्याची बोललो आणि तिसऱ्या वाक्याला म्हणालो, "माझी कव्हरं आहेत तुमच्याकडे. कुणी लोणावळ्याला येत असेल तर पाठवून द्या."

त्या स्वतःच घेऊन आल्या.

मला घाई होती, खोटं कशाला सांगू. पुण्याची एक संगीतसंस्था माझा संग्रह घ्यायला तयार झाली होती. काचेचं कपाट, वर पितळी पाटी, पाटीवर माझं नाव. अट एकच होती, रेकॉर्ड कव्हरांसकट पाहिजेत. त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी यायचा होता. चाळीस वर्षं नगरपरिषदेत आवक-जावक कारकुनी केलेल्या माणसाचं नाव पितळेवर दुसरीकडे कुठे येणार होतं?

हा संग्रह हार्लन पाइक नावाच्या माणसाच्या गाण्यांचा. तो अमेरिकेतल्या कुठल्याशा नदीकाठचा. त्याचं गाणं मुळात ब्लूज, म्हणजे तिकडच्या काळ्या मजुरांचं दुःखाचं गाणं, पण ते सरळ गाईल तर शपथ. गिटारची एक तार मुद्दाम उतरवलेली, पत्र्याचे डबे बडवलेले, मध्येच लाकडाच्या वखारीतला करवतीचा आवाज, आणि वर याचा गळा असा की घशात वाळू भरलीय. अकरा रेकॉर्ड काढल्या आणि गाणं सोडून बोटी दुरुस्त करायला लागला. हे शेवटच्या कव्हरावर छापलेलं आहे, ती रेकॉर्ड त्याने गाणं सोडल्यावर निघाली. मी ते कोंडाजीला वाचून दाखवलं तेव्हा तो खूश झाला. "म्हंजे आपल्यातलाच की," म्हणाला.

पहिली रेकॉर्ड त्यालाच सापडली होती. मुंबईवाल्यांच्या एका बंगल्यात तो पंप बघायला गेला होता. पंपाच्या खोलीत जुन्या सामानाचा ढीग होता. बंगल्याचे मालक म्हणाले, न्यायचं ते ने. याने रेकॉर्ड उचलली, कारण कव्हरावर खेचर होतं, गुडघाभर चिखलात उभं. मला इंग्रजी येतं आणि माझ्याकडे प्लेअर आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून ती माझ्याकडे आली. प्लेअर बंद होता, तोही त्यानेच चालू केला. त्या मशीनचा पट्टा अजून त्याने बसवलेलाच आहे. तुटलेला नाही.

बाकीच्या दहा आम्ही दोघांनी मिळून शोधल्या. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, एक तर थेट गोव्याहून. मी त्यांची इंग्रजी नावं घ्यायचो, वर्षं सांगायचो, कुठे छापली ते सांगायचो. कोंडाजी म्हणायचा खेचरवाली, बादलीवाली, काळी. सव्वीस वर्षं तो मला 'तुमी, श्रीपादराव' म्हणाला आणि सव्वीस वर्षं मी त्याला अरे-तुरे केलं. तेव्हा ते खटकलं नाही. आता खटकून काय उपयोग?

कव्हरं त्याच्याकडे कशी गेली, तर लोणावळ्याच्या दमटपणामुळे. चार महिने इथे भिंतीतून पाणी फुटतं. एका कव्हराला पांढरी लव आलेली पाहून मी रडकुंडीला आलो होतो. कोंडाजी म्हणाला, "पुठ्ठं माज्याकडं द्या. आमच्या घरात भाताचं बी जितं राहतंय, तितं पुठ्ठ्याला काय हुतंय?" म्हणून रेकॉर्ड इथे प्लास्टिकच्या पिशव्यांत आणि कव्हरं तिकडे बियाण्याच्या कणगीत, कडुनिंबाच्या पाल्यात. दर रविवारी जी ऐकायची ठरली असेल तिचं कव्हर घेऊन तो स्कूटरवरून यायचा. कव्हर हातात धरून ऐकायचं, असा आमचा नियम होता.

खेचरवालीच्या मागच्या बाजूचं शेवटच्या गाण्याचा मेळ मला कित्येक महिने लागला नव्हता. दोन ढोल दोन वेगळ्या मोजमापांत चालतात आणि गिटार तिसरीकडेच. मी मासिकं चाळत बसलो होतो. कोंडाजीने दोनदा ऐकलं आणि म्हणाला, "दोन बैल हायती, श्रीपादराव. येक लंगडा. तुमी चांगल्या बैलाकडं बघताय म्हून चुकताय. लंगड्याच्या पावलासंगं चाला, समदं बसतंय बघा."

चाललो आणि सगळं बसलं. अंगावर काटा आला होता माझ्या. पण त्याला मी काय म्हटलं? "हं, तसंही म्हणता येईल."

मग सात वर्षांपूर्वी पुण्याहून एका वर्तमानपत्राचा पोरगेला वार्ताहर आला. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान. त्याने विचारलं, साध्या श्रोत्याने हे गाणं ऐकायचं कसं? आणि मी, ज्याने आयुष्यात कासरा हातात धरलेला नाही, त्या मी ऐटीत सांगितलं, "दोन बैल आहेत असं समजा. त्यातला एक लंगडा." कोंडाजी तिथेच होता, फोटोसाठी कव्हर धरून उभा. वार्ताहराने विचारलं, हे कोण? मी म्हणालो, "हे आमचे पंपवाले. मशीन बिघडलं की बघतात."

ते छापून आल्यावर पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भांडण नाही, फोन नाही, काही नाही. मीही गेलो नाही. म्हटलं, एवढं काय नाकाला झोंबलंय? इथे रेकॉर्ड राहिल्या उघड्या आणि तिकडे कव्हरं राहिली रिकामी.

"कुठलं लावू?" मी विचारलं.

"खेचरवाली. मागल्या अंगाचं शेवटचं."

त्यांनी गाठ सोडली, चाचपून एकच कव्हर बाहेर काढलं आणि गोणी पुन्हा आवळून धरली. खेचर काल छापल्यासारखं होतं. पुठ्ठ्याचा कोपरासुद्धा मऊ पडलेला नव्हता. ते त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, आमच्या नियमाप्रमाणे. हा नियम त्यांना कुणी सांगितला हे विचारायची गरज नव्हती.

"पेपरात तुमचा फोटू आलता," त्या म्हणाल्या. "त्यात मालकांची दोन बोटं आलीत. काळी नखं. समद्या गावाला दाखवली त्यांनी, ही बोटं माजी म्हून. मंग घरी वाचून दाखवलं मला. बैलाचं आलं तितं थांबले. म्हनले, हिरा, बोटं माजी, आन् ह्ये बोलनंबी माजंच की गं."

इंदिरा चहा घेऊन आली होती. ती दारातच थांबली.

"तुमच्याकडं कुठला बैल हुता, भाऊ?" वहिनींनी विचारलं. आवाज चढला नव्हता. खरंच माहीत नसल्यासारखं त्यांनी विचारलं.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी पाठ फिरवली आणि रेकॉर्ड लावली. पळवाटच ती.

गाणं सहा मिनिटांचं आहे. लंगडा बैल निघाला, दुसरा त्याच्या बाजूने, पाइक घशातून शब्द नसलेलं काहीतरी ओढत राहिला. मी वहिनींकडे चोरून बघत होतो. मला वाटलं होतं की त्या रडतील, आणि रडल्या तर मला माफ केल्यासारखं होईल. त्या रडल्या नाहीत. कान देऊन बसल्या होत्या, गाडीच्या गर्दीतून ओळखीचं माणूस उतरतंय का बघावं तशा. गाणं संपलं.

"झालं?"

"झालं."

"ह्ये न्हाई."

"म्हणजे?"

"मालक म्हनायचे ते ह्ये न्हाई."

अहो, माझा तोल गेला. यांच्या सहा पिढ्यांत कुणी पाइकचं नाव ऐकलं नाही आणि मला शिकवतात! "वहिनी, हेच आहे. अख्ख्या मावळात या रेकॉर्डची ही एकच प्रत आहे. दुसरं गाणंच नाही."

"आसंल. पन ह्ये न्हाई. ते रोज म्हनायचे. पंप खोलताना, भात पाखडताना. दवाखान्यातबी नाकात नळी आसताना म्हनत हुते. मी ऐकलंय नव्हं?"

आणि त्यांनी ते गुणगुणलं.

सुरुवात पाइकचीच होती. तेच लंगडं पाऊल, तोच घशातून ओढत नेलेला सूर. पण पाइक जिथून मागे फिरतो, तिथून हे पुढे गेलं. वर चढलं, जरा थांबलं, आणि अशा जागी उतरलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षं रेकॉर्ड त्याच्या कानावर पडली नव्हती, जवळ नुसतं खेचराचं चित्र होतं. आठवेल तेवढं त्याने धरलं होतं आणि उरलेलं स्वतः केलं होतं. आणि ते चांगलं होतं. सांगायला जीव जळतो, पण पाइकपेक्षा चांगलं होतं.

वहिनी मध्येच थांबल्या.

"थांबू नका," मी म्हणालो. हात टेबलावर मोबाइल शोधत होता. सापडला. "परत म्हणा, वहिनी, पहिल्यापासून. रेकॉर्ड करून घेतो."

त्यांनी मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कशाला? पेपरात द्याया?"

मोबाइल मी उलटा ठेवला.

"आन् फुडचं मला येतबी न्हाई," त्या म्हणाल्या. "फुडचं ते येकलेच म्हनायचे."

मग त्यांनी गोणी उघडली आणि कव्हरं एकेक करून माझ्यासमोर फरशीवर ठेवली. बादलीवाली, काळी, सगळी. कुठे डाग नाही, कुठे वाळवी नाही. निंबाचा वाळका पाला खाली पडला तो त्यांनी तळहाताने गोळा केला आणि पदरात घेतला. खेचरवाली सर्वांत वर ठेवली. गोणी झटकली, घडी केली. "ही न्हेते, बियान्याला लागती," म्हणाल्या. इंदिराच्या हातातला चहा उभ्यानेच प्यायल्या. "येते बाई. गाडीची येळ झाली." मला काही म्हणाल्या नाहीत.

इंदिरा त्यांच्याबरोबर स्टेशनपर्यंत गेली. मी गेलो नाही, मला कुणी बोलावलंही नाही. ती परत आली तेव्हा मी रेकॉर्ड कव्हरांत घालत होतो.

"उद्या त्या माणसाला पाटीवर दोन नावं घालायला सांगाल ना?" तिने विचारलं.

"सांगेन."

ती आत गेली. तिचा विश्वास बसला नसावा. माझाही पुरता बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. तो माणूस म्हणाला, पाटी आधीच तयार झाली आहे. मी जास्त ताणून धरलं नाही. सगळा संग्रह त्याने गाडीत भरून नेला. आता घरात प्लेअर आहे आणि त्यावर लावायला काही नाही.

वहिनींनी म्हटलेली ती चाल मी रोज गुणगुणून पाहतो. पाइक जिथे मागे फिरतो, तिथपर्यंत बरोबर येते. तिथून मीही मागेच फिरतो.