जेवणाचं जेवण

कादंबरीने कॅप्सूल कात्रीने टोचली आणि आतलं माशाचं तेल मिक्सरच्या भांड्यात पिळलं. त्यात अंड्याचा बलक घालून तिने मिक्सर फिरवला. गॅलरीच्या दारात तिचे सासरे दिगंबरराव नाकाला पंचा लावून उभे होते.

"हे माशांसाठी?"

"माशांच्या खाण्यासाठी, बाबा. पिल्लं या बरणीतले बारीक जिवंत किडे खातात. पण किड्यांच्या अंगात पिल्लांना हवी ती चरबी नसते. म्हणून आधी किड्यांना तेल पाजायचं."

"म्हणजे जेवणालाच जेवू घालायचं. या घरात इतका पाहुणचार माणसांचाही झाला नाही."

ती हसली. समुद्री माशांची पिल्लं कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये वाढवायची म्हणून तिने कॉलेजातली नोकरी सोडली होती. आधीच्या दोन्ही खेपांची पिल्लं अंगावर पट्टे उमटायच्या आतच मेली होती. ही तिसरी खेप. चौथीचं बळ तिच्यात नव्हतं.

दुपारी ती सदाशिव पेठेत आईकडे गेली. तिथे दिगंबररावांचा फोन आला.

"वीज गेली. तुझे बुडबुडे थांबलेत."

"बाबा, सेलवरचा पंप आहे ना, तो पिल्लांच्या टाकीत सोडा."

"सोडला. आणि किड्यांच्या बरणीचं काय?"

"दुसरा पंप नाही. हवेशिवाय ते तेलकट पाण्यात मरतील. जाऊ दे."

"जाऊ दे काय? मग पिल्लं संध्याकाळी खाणार काय?"

फोन बंद झाला. तिने स्कूटर काढली.

ती घरी पोचली तरी वीज आली नव्हती. दिगंबरराव गॅलरीत पाटावर बसले होते. बरणी मांडीत धरून ते ताकाच्या रवीने संथपणे पाणी घुसळत होते. पंचा बाजूला पडला होता. सदरा तेलाने डागाळला होता.

"बाबा, द्या इकडे."

"थांब, लय बिघडेल. तू चहा टाक."

बरणीत नारिंगी ठिपके वरखाली पोहत होते. ती आत गेली आणि आल्याचा तुकडा जरा मोठाच ठेचला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी एका पिल्लाच्या डोळ्यामागे पहिल्या पट्ट्याची पांढरी रेघ दिसली. मग दुसऱ्याच्या. कादंबरीने हाक मारली. दिगंबरराव चष्मा पुसत आले आणि काचेसमोर बराच वेळ वाकून राहिले. मग बाहेरच्या खोलीत गेले. त्यांनी बहिणीला फोन लावलेला तिला ऐकू आला.

"सरोजिनी, आमच्याकडची सगळी सुखरूप आहेत. हो, बघायला ये. पण महिन्याने. आत्ता गर्दी सोसायची नाही त्यांना."