बाजेशेजारचा चरखा

"दोन पोरींवर काहून थांबाचं? घराले पोरगं नको का?" गांधीबागेच्या बाजारात विणलेली लुगडी देऊन आलेला देवराव मागावर बसता बसता म्हणाला. खाली चरख्याशी बसलेली त्याची बायको चंद्रकला मागाच्या धोट्यात बसवायच्या कांड्यांवर सूत भरत होती. हा विषय रोज निघे आणि ती रोज गप्प राही.

आज मात्र ती बोलली. "आता मले नाई जमत, अजी."

देवरावाचा पारा चढला. शेजारच्या वच्छलाबाई विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनाच त्याने पंच केलं.

"पाहा मावशी! म्या हिले काय कमी केलं? धाकटीच्या बाळंतपणात हिले उठू बी नाई देलं. चरखाच उचलून बाजेजवळ नेऊन ठेवला!"

ही गोष्ट तो चारचौघांत मोठ्या फुशारकीने सांगे.

"कवा ठेवला गा?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"पाचवी झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

"काहून?"

"कांड्या सरल्या होत्या. माग बंद पडला असता..." आपण काय बोललो ते त्याच्याच कानांवर पडलं.

"ओल्या बाळंतिणीच्या हाती चरखा देला, अन् वरून त्याले माया म्हनतं!" वच्छलाबाई कडाडल्या. "तुह्या मागाले दोघं लागतात, पन विणकर तू एकटा. आता तिसरं लेकरू बी एकटाच ठरवून राहिला! पोटात कोन वागवन? अन् कांड्या कोन भरन?"

देवरावाचे कान तापले. चंद्रकलेचा खांदा तेव्हापासून दुखत होता! ती रोज तेल चोळताना दिसे, आणि आपण एका शब्दानेही विचारलं नाही! ज्याची बढाई मारली त्याचीच आता लाज वाटून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो मागावरून उतरला. "सरक वं," म्हणत चरख्याशी बसला. सूत लगेच तुटलं. सांधलं, पुन्हा तुटलं. दारात धाकटी फिदीफिदी हसली.

"चंद्रकला, तू म्हनशील तसं," तो मान खाली घालून म्हणाला.

"मले दोघीच पुऱ्या हायेत." तिने मागाकडे बोट दाखवलं. "अन् मले मागावर बसाचं हाय. बाईनं बसू नये म्हनतात, तरी."

"बस."

चंद्रकला मागावर चढली. त्या दिवशी माग रखडत चालला, कारण कांड्याच वेळेवर भरून होत नव्हत्या!

वाचकहो, आणखी मूल हवं म्हणणाऱ्या प्रत्येक नवऱ्याने आधी बायकोच्या कामाला हात लावून पाहावा. मग हुकूम सोडायला तोंड उघडत नाही; विचारायला उघडतं.