डाव्या बाजूची खरखर

हेडमास्तरांचा गाणी ऐकायचा रिसीव्हर त्यांच्या लग्नाइतकाच जुना, आणि त्यांच्या मते लग्नापेक्षा कमी कुरकुरणारा. पण गेले चार महिने डाव्या बाजूने असा आवाज येत होता, जणू गाणारा तोंडात खडे धरून गातोय.

त्यांनी एकदा चाचरत बायकोला विचारलं, “आवाज फाटतोय का गं?”

ती स्वयंपाकघरात मिक्सरसमोर उभी होती. “तुमची गाणी मला आधीपासूनच फाटकी वाटतात,” म्हणाली आणि बटण फिरवलं.

हेडमास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं की मशीन ठणठणीत आहे, गेलाय तो आपला डावा कान. वडिलांचाही साठीतच गेला होता. दुरुस्तीवाल्याने ‘मशीन उत्तम आहे’ म्हटलं की संपलंच सगळं. त्यापेक्षा झाकली मूठ बरी. त्यांनी गाणी लावणंच सोडलं. पाहुण्यांना ते आग्रहाने आपल्या उजव्या हाताला बसवू लागले.

घरातली शांतता बायकोला खुपायला लागली, तसं तिने परस्पर धाकट्या बहिणीला बोलावलं. धाकटीचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान होतं आणि जीभ तिच्या सोल्डरिंग गनइतकीच तापलेली असे.

रविवारी सकाळी ती पिशवी घेऊन हजर. “काय भाऊजी, पेशंट कुठाय?”

“पेशंट?” हेडमास्तर दचकले. “हां, तो होय. त्याला काही झालेलं नाही गं.”

“ते मी ठरवते. तुम्ही गप बसा. शाळा सुटली तुमची.”

तिने गाणं लावलं, डॉक्टरसारखा निर्विकार चेहरा करून मिनिटभर ऐकलं आणि रिसीव्हर बंद केला. मग मागे हात घालून दोन्ही स्पीकरच्या वायरी काढल्या; डावीची उजवीकडे, उजवीची डावीकडे. हेडमास्तर डोळे मिटून, निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखे बसले होते.

गाणं पुन्हा सुरू झालं. खरखर आता उजवीकडून येत होती.

“उजवीकडून!” हेडमास्तर ताडकन उठले. “फाटतोय! उजव्या कानातही फाटतोय! वा वा!”

धाकटीने बहिणीकडे पाहिलं.

“ताई, यांना काय झालं? खरखर वायरीबरोबर इकडे आली, म्हणजे स्पीकर चांगले, दोष मशीनच्या आतच. यात नाचण्यासारखं काय आहे?”

तेव्हा कुठे हेडमास्तरांनी चार महिने पोटात ठेवलेलं सांगून टाकलं. धाकटी खो खो हसली. हसता हसताच तिने एकेक बटण दाबून पाहिलं. ‘टेप’ लिहिलेलं दाबलं तसा क्षणभर आवाज स्वच्छ झाला आणि पुन्हा फाटला.

“हे शेवटचं कधी दाबलं होतं?”

“ते दाबायचं असतं?”

“तीस वर्षं जागचं हललं नाही तर काळं पडणारच आतून. तुम्हीही जरा हलत जा, भाऊजी.”

तिने प्लग काढला, झाकण उघडलं, बटणाच्या फटीत औषधाचा फवारा मारला आणि हेडमास्तरांना कामाला लावलं. “पन्नास वेळा दाबा. मोजून.” ते कवायतीसारखे मोठ्याने मोजत दाबत राहिले. औषध वाळल्यावर वायरी जागच्या जागी लावून गाणं सुरू केलं, तर प्रत्येक सूर जिथल्या तिथे, लख्ख.

हेडमास्तरांचे डोळे भरून आले. ते कुणाला दिसू नयेत म्हणून ते वायरी नीट करत बसले.

बायको मात्र कंबरेवर हात ठेवून उभीच होती. “म्हणजे कान दोन्ही धड आहेत?”

“शंभर टक्के,” धाकटी म्हणाली.

“मग चार महिने मी हाका मारत होते, तेव्हा हे ओ का देत नव्हते?”

हेडमास्तरांनी मेहुणीकडे आशेने पाहिलं. मेहुणी पिशवी आवरण्यात गढून गेली होती.