भूतकाळ तिसऱ्या आठवड्यात

माझी आई आणि माझी आत्या एकाच मजल्यावर समोरासमोर राहतात. दोन दारांमध्ये फार तर सात पावलं. पण बाबा गेल्यापासून चार वर्षं त्या एकमेकींशी एक अक्षरही बोलल्या नव्हत्या. काही सांगायचंच झालं तर ते माझ्यामार्फत, आणि मी परदेशात. आईचा फोन यायचा, "तुझ्या आत्याला सांग, तिच्या न्हाणीघरातलं पाणी माझ्या भिंतीत झिरपतंय." मी तो फोन ठेवून आत्याला लावायचे. आत्या म्हणायची, "तुझ्या आईला सांग, प्लंबर उद्या दहाला येतोय. आणि म्हणावं, दार उघड, नाहीतर बसशील आत कडी लावून." मग पुन्हा आईला फोन. सात पावलांवरचा निरोप समुद्र ओलांडून यायचा आणि समुद्र ओलांडून परत जायचा.

भांडण कशावरून, ते सांगते. बाबा अकरा दिवस दवाखान्यात होते. बाराव्या दिवशी सकाळी सात वाजता आत्या आईला म्हणाली, "वहिनी, घरी जा, आंघोळ कर, दोन घास खाऊन ये. मी बसते त्याच्यापाशी." आई गेली. नऊ वाजता तिला फोन आला. आई परत आली तेव्हा आत्या पलंगाशेजारी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "शांतपणे गेला." आईने विचारलं, "काही म्हणाले का?" आत्याने तोंड फिरवलं. आई सगळ्यांसमोर म्हणाली, "वन्सं, शेवटची वेळ तुम्ही स्वतःसाठी ठेवून घेतलीत." त्यानंतर दोघींची तोंडं बंद झाली.

मी जिथे काम करते ती स्पॅनिश शिकवणारी निवासी शाळा आहे. टेकडीवर जुनी तीनमजली इमारत, वर खोल्या, खाली वर्ग आणि स्वयंपाकघर. चार आठवडे इथेच राहायचं, इथेच जेवायचं आणि पूर्ण वेळ फक्त स्पॅनिश बोलायचं. मी तिथली व्यवस्थापक, म्हणजे गादी टोचते इथपासून नळ गळतो इथपर्यंत सगळ्याचं उत्तर मीच. माझा नवरा तिथलाच, सुतार. त्याच्या आईला स्पॅनिशशिवाय काही येत नाही.

आणि इथेच माझ्या आईचं दुखणं होतं. विहीणबाईंशी फोनवर बोलताना मध्ये मी असायचे, आणि आईला दाट संशय होता की मी निम्मं गाळते. "त्या इतकं लांबलचक बोलल्या आणि तू म्हणतेस 'बऱ्या आहेत'? मला शिकायचंय. माझं मी बोलेन." वय बासष्ट. पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम केलेलं, त्यामुळे कुठल्याही भाषेतली चूक आपल्याला दिसणारच असा ठाम विश्वास. मी तिचं नाव घातलं. ही बातमी आत्यापर्यंत पोचायला माझी गरज पडली नाही, जिन्यात शेजारीण होती. दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन. "ती एकटी येऊन तुझ्या सासूशी गुळपीठ जमवणार, आणि मी इथे बसून काय करू? माझंही नाव घाल."

"आत्या, पण आई असेल."

"असू दे. मी शिकायला येतेय, तिला बघायला नाही."

आत्याने लग्न केलं नव्हतं. तीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून तिचा स्वभावच तसा झाला होता. मोजकं बोलायचं आणि प्रत्येक गोष्टीची तारीख तपासायची.

दोघी एकाच विमानाने आल्या, विमानात दोन टोकांना बसून. पहिल्या संध्याकाळी मी सगळ्या बावीस जणांना नियम सांगितले. इमारतीत आपली भाषा बोलायची नाही. जो बोलेल त्याने दुपारची सगळी भांडी घासायची. आणि हा नियम मलाही लागू. हे वाक्य म्हणताना माझं लक्ष त्या दोघींकडे होतं. आधी आईच्या लक्षात आलं. तिचा चेहरा पडला. आता निरोप्या राहिला नव्हता.

त्यांना शिकवायला जे सर होते ते इतके बारीक की आत्याने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव टाचणी ठेवलं. टाचणी सरांची पद्धत सोपी होती. पहिले दोन आठवडे फक्त आज. आज मी खाते, आज मी बसते, आज ऊन आहे. कुणी काल काय झालं ते सांगायला गेलं की ते दोन्ही हात वर करून थांबवायचे. भूतकाळ तिसऱ्या आठवड्यात.

पहिल्या तासाला प्रत्येकाने उभं राहून स्वतःबद्दल एक वाक्य सांगायचं होतं. आई उठून म्हणाली, "मी एकटी राहते." तीनच जण मध्ये होते, मग आत्या उठली. तिनेही शब्दकोशातून तेच वाक्य जुळवून आणलं होतं. मी दारात हजेरीची वही घेऊन उभी होते. दोघींनी तेव्हा एकमेकींकडे पाहिलं आणि लगेच नजर खिडकीबाहेर नेली.

मग सरांनी जोड्या लावल्या. बसल्या ओळीने मोजत गेले आणि नेमक्या ह्या दोघी एकत्र आल्या. प्रश्न होता, तुझ्या पिशवीत काय आहे? वर्गात सगळे एकमेकांना 'तू'च म्हणायचे, तसा सरांचा आग्रह होता. आणि गंमत म्हणजे स्पॅनिशमध्ये 'तू' म्हणजे तूच, उच्चारसुद्धा तोच. आईने लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे छत्तीस वर्षं, नणंदेला 'तुम्ही' सोडून काही म्हटलं नव्हतं. ती घसा खाकरत राहिली. सर टेबलावर बोट वाजवत उभे. शेवटी ती म्हणाली, "तू..." आणि तिथेच अडली. चार वर्षांतला पहिला शब्द तो.

आत्याने पिशवी उघडून एकेक वस्तू बाहेर काढली. "चष्मा. रुमाल. गोळी. गोळी. गोळी."

आई फसकन हसली. चुकून. मग तिने तोंड पुसलं, जणू काही लागलं होतं.

त्यानंतर जेवताना मीठ सरकवणं सुरू झालं. दोनशे शब्दांत भांडता येत नाही, असं मला तेव्हा वाटलं. "हे मीठ." "आभार." "सूप गरम आहे." "हो. फार." मराठीत ज्या दोघी एका वाक्यात तीन टोमणे बसवायच्या, त्या इथे बालवाडीतल्या मुलींसारख्या समोरासमोर बसून सूप गरम असल्याचं एकमेकींना सांगत होत्या. दोघींनाही एक गोष्ट फार आवडली होती. स्पॅनिशमध्येही 'मला आवडतं', 'मला दुखतं' असंच म्हणतात, मराठीसारखं. बाकीच्यांची तिथे तारांबळ उडायची आणि ह्या दोघी झरझर लिहून मोकळ्या. आत्या मान ताठ करून बसायची, जणू ही सोय तिनेच करून ठेवली होती.

पहिल्या रविवारी माझ्या सासूबाई आल्या. आईने वहीत लिहून ठेवलेली नऊ वाक्यं एका दमात म्हणून टाकली. तिच्या नवव्या वाक्याचा अर्थ 'तुमचा मुलगा फार स्वस्त आहे' असा होत होता. सासूबाईंनी तिला मिठी मारली आणि मग जे काही त्या अर्धा तास बोलल्या त्यातलं आईला जेवढं कळलं, तेवढ्याने तिचा संशय पक्का झाला. मी खरंच गाळत होते.

दुसऱ्या आठवड्यात आत्याला ताप भरला. दुपारी मी गरम पाणी घेऊन वर गेले तर दार अर्धवट उघडं होतं आणि आतून आईचा आवाज येत होता. त्या आठवड्यात शरीराचे अवयव झाले होते.

"कुठे दुखतं?"

"डोकं. पाय. पाठ." आत्याने आठवून पाहिलं. "नाक नाही."

"पाणी?"

"नको."

"तू पाणी पी."

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मी बाहेर आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मराठीत बोलल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? पण बोलल्या नाहीत. भांडी घासायच्या भीतीने नाही. मराठीत तोंड उघडायचं तर आधी चार वर्षांचं काहीतरी बोलावं लागलं असतं. स्पॅनिशमध्ये फक्त डोकं, पाय आणि पाठ. आईने रुमाल ओला करून आत्याच्या कपाळावर ठेवला, आणि कोपरे सारखे करत बसली. मी पाण्याचं भांडं दाराशी ठेवलं आणि पाय न वाजवता खाली आले.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, टाचणी सरांनी फळ्यावर भूतकाळ लिहिला. गेले, आले, म्हणाले, होते. आईने तक्ता उतरवून घेतला, रेघा पट्टीने आखल्या. तिला त्यात एक गोष्ट खटकली होती आणि तिने हात वर करून विचारलीही. 'म्हणाला', 'म्हणाली', 'म्हणाले', सगळ्याला एकच शब्द? दिहो? सर म्हणाले, एकच. कोण ते ऐकणाऱ्याला ठाऊक असतं.

मग जोड्या. आपल्या जोडीदाराला भूतकाळातला एक प्रश्न विचारा. त्या दिवशी मी वर्गातच होते, खिडकीची बिजागरी बसवणाऱ्या माझ्या नवऱ्याला पेचकस धरून देत होते. आजूबाजूला सगळे विचारत होते, काल काय खाल्लंस, काल कुठे गेलास. आई बराच वेळ वहीकडे बघत होती. मग तिने आत्याकडे पाहिलं.

"के दिहो?" काय म्हणाला, किंवा म्हणाले. बाबांना आई 'ते' म्हणायची, आत्या 'तो' म्हणायची. तो शब्द दोघींनाही चालला.

आत्याला कळलं. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"माहीत नाही," ती म्हणाली. मग शब्द वेचत वेचत, "मी नव्हते. मी खाली गेले. औषध." ती थांबली, बोटांनी माणसांची ओळ दाखवली. "रांग. मी तारीख बघितली. तारीख वाईट. मी भांडले. पाच मिनिटं. दहा. मी वर आले." पुढचा शब्द तिला मिळेना. मग पहिल्या दिवशीचा मिळाला. "सोला."

सोला म्हणजे एकटी.

आईला पस्तीस वर्षांची सवय, चूक दिसली की दुरुस्त करायची. "सोलो," ती हळूच म्हणाली. एकटा.

"सोलो," आत्या म्हणाली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली.

आई खुर्ची सरकवून उठली आणि भर वर्गात, खणखणीत मराठीत म्हणाली, "वेडी आहेस का तू? चार वर्षं हे पोटात ठेवून बसलीस?"

"तू विचारलंस तेव्हा काय सांगणार होते? मीच तुला घरी पाठवलं, आणि मीच खाली जाऊन तारखा बघत बसले. माझ्यावर चिडलीस ते परवडलं, वहिनी. शेवटी जवळ कुणीच नव्हतं हे ऐकून तुझं काय झालं असतं?"

"मला वाटायचं ते काहीतरी म्हणाले आणि तू मला सांगत नाहीयेस. रोज तेच वाक्य शोधत होते मी. दूध तापवताना, दिवे घालवताना. आणि ते वाक्य नव्हतंच?"

"नव्हतं ग. आदल्या रात्री झोपताना 'पंखा कमी कर' म्हणाला. तुझ्यासमोरच."

"हो," आई म्हणाली. "मीच केला कमी." आणि मग तीही रडली. आत्याच्या खांद्याला धरून, उभ्या उभ्या.

सरांना एक अक्षर कळलं नव्हतं आणि सगळं कळलं होतं. त्यांनी फळा पुसला आणि बाकीच्यांना बाहेर बागेत नेलं. माझ्या नवऱ्याने पेचकस माझ्या हातून काढून घेतला.

दुपारी त्या दोघींनी बावीस जणांची भांडी घासली. सर म्हणाले होते की आजचं राहू द्या, पण आई म्हणाली की नियम तो नियम. आत्या घासायची, आई विसळायची. आत्याने पातेल्यांचे तळ नीट घासले नाहीत यावरून आवाज चढले. चार वर्षांचं साचलेलं बाहेर येत होतं. झिरपणारं पाणी, शेजारणीच्या मुलीच्या लग्नात एकीने दुसरीला न दिलेली हाक, बाबांचं घड्याळ कुणाकडे असावं ते. स्वयंपाकीण घाबरून मला बोलवायला आली. मी तिला सांगितलं, "राहू दे. सगळं ठीक आहे."

भांडी झाल्यावर दोघी मागच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. चार वाजले असतील. मी चहा घेऊन गेले, दोन कप, आणि वळणार तेवढ्यात आई म्हणाली, "बस ना जरा."

"कामं पडलीत, आई."

"कामं कुठे पळून जातायत?"

मी एक पायरी खाली बसले. खालच्या रस्त्यावरून एक ट्रक वळणं घेत चढत होता. मग आईने माझ्या केसांवरून हात फिरवला, लहानपणी गुंता शोधताना फिरवायची तसा.

"आणि तू कुठे होतीस ग तेव्हा? नऊ वाजता?"

मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. बाबा गेल्यावर मी चौथ्या दिवशी पोचले होते, आणि पोचल्या पोचल्या एकीचा निरोप दुसरीला द्यायला लागले होते. त्यातच चार वर्षं गेली.

"इथे रात्र होती. कचेरीत होते," मी म्हणाले. "चादरी मोजत होते. नवी तुकडी यायची होती. फोन वाजला तेव्हा अठ्ठावीसवर होते. घेतला नाही, म्हटलं मोजून होऊ दे." मी पायरीवर बोटाने रेघ ओढली. "मग पुन्हा वाजला. मग घेतला."

"बरं," आई म्हणाली.

"मोजणी पूर्ण केली मी, आई. फोन ठेवल्यावर. छप्पन होत्या. का केली, माहीत नाही."

आत्या एक पायरी खाली सरकली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. तिने आपला कप माझ्या हातात दिला. चहा निम्मा उरला होता आणि अजून गरम होता.

"सगळं सांग," ती म्हणाली. "सावकाश. अजून कोण होतं तिथे?"

"कुणी नव्हतं," मी म्हणाले, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.