हवेतला तांदूळ

“आत्या, थांबव! आहे तिथंच थांबव!” खालून मुकादम दोन्ही हात हलवत ओरडला.

आत्याने ब्रेक लावला. तांदळाच्या पोत्यांनी भरलेली जाळी धक्का आणि जहाज यांच्या मधोमध, पाण्यावर लटकत राहिली. बंदरावर क्रेन चालवणारी ती एकटीच बाई, म्हणून हमालांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांचीच आत्या.

बातमी ओरडाओरडीतून वर केबिनपर्यंत पोचली. तांदूळ देशाबाहेर पाठवायला बंदी, ताबडतोब. जहाजात उतरलेला माल जाऊ द्यायचा, धक्क्यावरचा गोदामात परत.

“आणि हा?” मुकादमाने वर बोट दाखवलं.

कप्तान म्हणाला, आमचा. बंदराचा साहेब म्हणाला, अजून आमचाच. दोघांची जुंपली. हमालांनी पोत्यांवर बैठक मारली. अशी करमणूक रोज थोडीच मिळते!

तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. मुलगी. लग्न होऊन समुद्रापलीकडे गेलेली, जिथे हेच जहाज जाणार होतं.

“आई, इथे दुकानांत तांदूळच नाही गं. जहाज येतंय म्हणतात.”

“येतंय, पण अर्ध्या पोटी. तुझा तांदूळ आत्ता माझ्या हुकाला लटकलाय.”

“मग टाक की आत!”

“खाली साहेब उभाय. त्याच्या डोक्यात घालू?”

दोघी हसल्या. मग मुलीने विचारलं, “पण अडवला कशाला?”

“इकडे पिकं बुडाली. भाव इतके चढलेत की तुझी वहिनी अर्धाच डबा भरून आणते. त्यात कुठल्या देशाने गहू अडवला, कुणी तेल अडवलं. ते बघून सगळ्यांनीच दारं लावून घेतली.”

“आणि आम्ही दाराबाहेर.”

“जेवतेस ना नीट?”

“बटाटे! तुझे जावई सकाळी उकडतात, रात्री चुरडतात आणि दोन्ही वेळा ‘आज वेगळं केलंय’ म्हणतात.”

आत्या इतकी हसली की केबिन हलली.

खाली साहेबाने वरच्या साहेबाला विचारलं. निकाल लागला: जहाजाला न टेकलेला माल इथलाच.

“आत्या, घे धक्क्यावर!”

दांडा तिच्या मुठीत होता. जरासा उजवीकडे रेटला असता, तर जाळी जहाजाच्या पोटात गेली असती. “हात घसरला” म्हणता आलं असतं. मूठ क्षणभर तशीच राहिली. डबा अर्धा राहिलेलं घर तिचंच होतं, आणि बटाटे उकडणारंही तिचंच. तिने दांडा डावीकडे घेतला. जाळी धक्क्यावर अलगद टेकली. एकाही पोत्याची शिवण उसवली नाही.

“वा आत्या! अंडी असती तरी फुटली नसती!” मुकादम म्हणाला.

“अंड्यांवर बंदी आली की बोलाव!”

संध्याकाळी जहाज सुटलं. निम्मं रिकामं, म्हणून पाण्यावर उंच तरंगत होतं. एरवी बुडालेला त्याच्या पोटाचा लाल रंग सगळ्यांना दिसेल असा उघडा पडला होता. आत्या केबिनच्या काचेशी उभी राहून, तो लाल पट्टा बारीक होत जाईपर्यंत बघत राहिली.