राबातलं शेण

टोकावड्याच्या ढाबेवाल्याने हौसाला सांगून ठेवलं होतं, वांगी चांगली निघाली तर हंगामभर तुझ्याकडूनच घेईन. भात कापून मोकळ्या झालेल्या तुकड्यात तिने पहिल्यांदाच वांगी लावली. खत घातलं माझ्या सांगण्यावरून. म्हणजे माझ्या वर्गातल्या तिच्या मुलीच्या, भिमीच्या, तोंडून. मी वर्गात शिकवलं होतं की वांग्याला अर्धं नत्र शेणखतातून द्यावं, अर्धं युरियातून. युरिया लगेच लागू पडतो, शेणखत हळूहळू पुरवत राहतं. भिमीने ते घरी नेलं.

मार्गशीर्षात हौसा शाळेच्या दारात उभी. हातात पिवळी पडलेली पानं.

"गुरुजी, तुमच्या अर्ध्यानं माझी वांगी बसली. आज गोणी फोडते नि सगळा युरिया ओतते."

"ओतू नकोस, मुळं जळतील. शेणखत घातलंस का?"

"पाट्या भरभरून."

"कुजलेलं?"

"त्याच्याहून चांगलं."

"आणि युरिया?"

"बुंध्यापासून लांब, बांगडी करून. वर माती, वर पाणी. भिमीनं उभं राहून घालून घेतला. आनखी काय परीक्षा घेता?"

उत्तरं सगळी बरोबर, झाडं मात्र पिवळी. शेवटी तिच्याबरोबर शेतावर गेलो. बुंध्याजवळची माती उकरली तर बोटांना काळी-राखाडी भुकटी लागली.

"हे काय गं?"

"शेणच. उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर शेण-पाला पसरून राब भाजला, त्यातलं उरलेलं. शेणखताच्या पाटीनं मान मोडते. ह्ये हलकं."

मी बांधावर बसलो. "हौसा, ही राख आहे. शेणातलं नत्र धुराबरोबर उडून गेलं. अर्धं खत तू आभाळाला घातलंस!"

"भाताच्या रोपांना चालतो की राब!"

"तिथे जमीन भाजून तण मारायचं असतं. इथे झाडाचं पोट भरायचंय."

"मंग भाजू नका, असं पोरीला का नाय शिकवलं?"

पुस्तकातलं शेण कुणी भाजत नाही, हे हिला कसं सांगू?

त्याच दिवशी शाळेमागच्या खड्ड्यातलं कुजलेलं शेणखत तिला उचलायला लावलं. सोबत युरियाचा बेताचा हप्ता दिला. पानं हळूहळू हिरवी झाली, फुलं टिकली आणि ढाबेवाला पहिली पाटी घेऊन गेला.

मी निश्चिंत झालो, तर शेजारची कमळाबाई गोणीभर राख घेऊन वांग्याच्या वाफ्याकडे निघालेली दिसली. हौसानेच सांगितलं होतं: आधी राब, मग शेणखत, मग युरिया. गुरुजींची पद्धत!

मी तडक हौसाकडे गेलो. "पुढच्या वर्षी एक ओळ राखेशिवाय लाव. राखेनं फरक पडतो का, ते पोरांना दिसू दे. तुलाही."

"नि ढाबेवाल्याला काय देऊ, फरक?"

"एकच ओळ, हौसा!"

ती वांगी खुडत राहिली.

"चार झाडं," ती म्हणाली. "ती पन कडेची."