ठेंगणीच्या गळ्यातला बिल्ला

मी पत्र्याचा बिल्ला. बोटाएवढा. बियाणे केंद्रात गव्हाच्या रोपांच्या गळ्यात अडकून आयुष्य काढलं. सांगायचं आहे ते लाजेचं आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

केंद्रात गव्हाच्या दोन जाती होत्या. तांबडी उन्हाला दाद द्यायची नाही. ठेंगणी भरपूर पिकायची, पण उन्हात माना टाकायची. संशोधक बाईंचं म्हणणं, तांबडीचं बळ तिच्या तंतुकणिकांत आहे. पेशीला ताकद पुरवणारे हे बारीक कण रोपाला आईकडूनच येतात, बापाकडून नाही. तेव्हा आई तांबडीच हवी.

संकर करणारे काका जुने. आधीचे साहेब सगळं तोंडी सांगत. बाईंनी चिठ्ठी पाठवली: तांबडी, मधे संकराची फुली, मग ठेंगणी. काकांनी ठेंगणीच्या फुलांतले पुंकेसर चिमट्याने उपटले, वर तांबडीचे पराग झटकले; म्हणजे आई झाली ठेंगणी. चिठ्ठीतली अक्षरं माझ्यावर कोरली आणि मला ठेंगणीच्या गळ्यात बांधलं.

संकर लिहिताना आईचं नाव फुलीच्या आधी लिहितात, हे मला ठाऊक होतं. मी ठेंगणीला लटकून तांबडीचं नाव मिरवत होतो. पण माझ्यावरचं लिहिणं चुकत नाही, असा माझा ताठा. मी गप्प राहिलो.

ते बी पिकल्यावर माझ्यासकट काढलं आणि तापवलेल्या खोलीत पेरलं. उगवल्यावर पाचव्या दिवशी सगळी रोपं आडवी.

बाईंनी मला हातात घेतलं. "सहा वर्षं फुकट गेली. आईकडून काहीच आलं नाही. काका, तांबडीचं उरलेलं बी टाकून द्या."

तेवढी एकच पिशवी होती. काका ती घेऊन दारापर्यंत गेले आणि थांबले.

"आईचा राग बापावर कशाला काढता?"

"बाप कोण?"

"तांबडी. पहिलं नाव बापाचं. दारावरच्या पाटीवर कुणाचं असतं?"

"माझ्या दारावर माझं आहे, काका."

काका स्टुलावर बसले. मग म्हणाले, "चूक माझी, बाई. वहीत तसंच लिहा." पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली. बाईंनी ती कपाटात ठेवून कुलूप लावलं.

काका बोलले म्हणून तांबडी वाचली. मी मात्र सगळं बघूनही तोंड उघडलं नव्हतं.

आता मी खणात पडून आहे. मला पुन्हा कुठे बांधू नका. माझ्या जागी दुसरा बांधाल, तेव्हा त्याच्यावरचं वाचून भागवू नका. तो कुणाच्या गळ्यात आहे, तेही वाकून बघा.